अटली निधीकडे आलेला एकमेव अर्ज

गेनर मिजली हुशार आहे हे आमच्या ब्रॅकनशॉत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याबद्दल तिला कुणी फारसं माफ केलेलं नव्हतं. आमच्या या डोंगरातल्या गावात माणसानं कष्टाळू असावं, वेळेवर यावं, दाराची पायरी घासलेली ठेवावी. हुशार असायचंच तर बेताबेतानं असावं. गेनरला तो बेत कधी साधला नाही. शाळेत ती मास्तरांची चूक दाखवायची, आणि दाखवून झाल्यावर माफी मागायची, म्हणजे दोन्हीकडून मार.

मी मॉरीन. मिजलींच्या भिंतीला भिंत लागून माझं घर. वकील होल्रॉइड यांच्या कचेरीत मी एकतीस वर्षं टंकलेखन केलं, पत्रं लावली, चहा केला आणि तोंड बंद ठेवलं. शेवटच्या कामात मी सगळ्यात तरबेज होते, म्हणून तर ही गोष्ट मला सांगावी लागते आहे.

गेनरनं सोळाव्या वर्षी शाळा सोडली. सोडली म्हणजे तिच्या आईनं, जीननं, सोडवली. गालिच्यांच्या कारखान्यात जागा होती आणि जागा काय रोज निघत नाहीत, असं जीनचं म्हणणं. तीन वर्षांत कारखाना बंद पडला. मग गेनर पाणी कंपनीत लागली, वरच्या माळावरच्या धरणावर. सकाळी नऊला पावसाचं भांडं बघायचं, धरणाची पातळी बघायची, दोन आकडे लिहून खाली कळवायचे. कंपनीला दोन आकडे पुरत होते. गेनर स्वतःच्या वहीत आणखी चार-पाच ओळी लिहायची. माळावरचं शेवाळ कुठे ओलं आहे, कुठे वाळून काळं पडलंय, पाऊस थांबल्यावर कुठला ओढा किती वेळानं चढला. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. बावीस वर्षं तिनं हे लिहिलं आणि त्याच्या अठ्ठेचाळीस वह्या झाल्या.

मध्यंतरी तिनं घरबसल्या पदवी घेतली. सहा वर्षं लागली. जीनला वाटायचं, पोरगी खोलीत बसून पत्रं लिहिते. नवरा होता, तो या सहा वर्षांतच कंटाळून गेला. आणि मग एका नाताळच्या दुसऱ्या दिवशी पूर आला. चौकातल्या खाटकाच्या दुकानात छातीभर पाणी, चॅपलमधला ऑर्गन तरंगत दारापाशी. सगळं गाव चिखल उपसत असताना गेनर धरणावरच्या खोलीत वह्या पसरून बसली होती. लोकांनी नावं ठेवली. पण तिला त्या वह्यांत एक गोष्ट सापडली होती. ज्या ओढ्याच्या माथ्यावर शेवाळ जिवंत होतं, त्याचं पाणी इतरांपेक्षा चार तास उशिरा खाली आलं होतं. आणि हे दर मोठ्या पावसाला होत आलं होतं.

"चार तास म्हणजे किती, मावशी, तुला कळतंय का?" ती मला म्हणाली. "म्हातारी माणसं माडीवर नेता येतात. गाड्या हलवता येतात. माळ पुन्हा ओला केला तर सगळ्याच ओढ्यांना चार तास मिळतील."

"मग सांग की कंपनीला."

"सांगितलं. ते म्हणाले, छान निरीक्षण आहे. धरणावरच्या बाईचं कोण ऐकतं? हे कुणीतरी विद्यापीठातून सिद्ध करायला पाहिजे."

ते कुणीतरी म्हणजे आपणच, हे तिला कळायला आणखी एक वर्ष गेलं. तिनं एम.एस्सी. केलं, अर्धवेळ, पगारातून फी भरत. मग डोंगरापलीकडच्या विद्यापीठात जाऊन प्राध्यापक फेनविकबाईंना भेटली. बाईंनी दोन वह्या चाळल्या आणि चष्मा काढला. पीएच.डी.ला आनंदानं घेईन म्हणाल्या. फक्त पैशाचं काहीतरी बघायला हवं, नाही का, असं वर गोड आवाजात म्हणाल्या. आमच्याकडे 'नाही का' लावून जे बोलतात ते आपल्यालाच करायचं असतं.

मग सुरू झाला शोध. जीननं घरात इंटरनेट घेऊ दिलं नव्हतं, म्हणून गेनर दर शनिवारी दुपारी माझ्या टेबलावर लॅपटॉप मांडायची. मी चहा करायची, ती वाचायची. तीन हिवाळे हे चाललं. त्या तीन हिवाळ्यांत या देशातल्या शिष्यवृत्त्यांबद्दल मी जेवढं शिकले तेवढं पुष्कळ प्राध्यापकांना माहीत नसेल.

जाहिरातीत वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'संपूर्ण खर्चासह'. आपण खाली खाली वाचत जायचं. तिसऱ्या पानावर कळतं की खर्चासाठी आधी स्पर्धा आहे, आणि स्पर्धेसाठी आधी विभागानं तुमचं नाव पुढे केलं पाहिजे, आणि विभागाची शेवटची तारीख जाहिरात लागायच्या आदल्या आठवड्यात होऊन गेली. कुठे फक्त फी मिळते आणि पोटाचं तुमचं तुम्ही बघा. कुठे पोटापुरतं मिळतं, पण तिशीच्या आतलं पोट हवं. एक शिष्यवृत्ती होती ती फक्त पाद्र्यांच्या मुलींना. एक होती ती एका ठरावीक शाळेतून आलेल्या मुलांना, आणि त्या शाळेची वर्षाची फी गेनरच्या पगाराहून जास्त. परदेशातून येणाऱ्यांसाठी काही होत्या, पण त्या पोरांनाही दहा हजारांत एक मिळणार, तेव्हा त्यांच्यावर तरी कसलं जळायचं.

दोन ठिकाणी तिला मुलाखतीला बोलावलं. पहिल्या ठिकाणी सहा जागा होत्या आणि ती सातवी आली. कुणी नको म्हटलं तर कळवू, असं पत्र आलं. कुणी नको म्हटलं नाही. दुसऱ्या ठिकाणची हकिकत ती आली आणि कोट न काढता सांगत बसली.

"मला लवकर बोलावलेलं. तिथल्या कचेरीतल्या बाई म्हणाल्या, तिकडे छोट्या स्वयंपाकघरात बसा, चहा घ्या. तिथे एक मुलगा होता, तोही मुलाखतीलाच आलेला. फार सभ्य. मला म्हणाला, दूध खालच्या खणात आहे. त्यानं फळीवरून चहाचा मग काढला, मावशी, आणि त्या मगवर त्याचं नाव होतं."

ज्याचा मग आधीपासून विभागाच्या फळीवर आहे त्याच्यासाठीच ती जाहिरात लिहिलेली होती. जाहिरात द्यावी लागते म्हणून देतात, चार जणांना बोलवावं लागतं म्हणून बोलावतात. गेनर त्या चारांतली एक झाली आणि पलीकडच्या गावापर्यंतचं गाडीभाडं तिनं स्वतःच्या खिशातून भरलं.

"श्रीमंत माणसं मरतात आणि कुणाकुणासाठी ठेवून जातात," ती म्हणाली. "नाविकांच्या मुलांसाठी, विधुरांच्या पोरींसाठी, डाव्या हातानं व्हायोलिन वाजवणाऱ्यांसाठी. माझ्यासाठी कुणी मेलंच नाही."

मी चहाची किटली खाली ठेवली आणि नको होतं ते बोलून गेले.

"मेलाय एक. आपल्याच गावचा."

अटली निधी मला पाठ होता. जोसाया अटली हा गिरणीमालक पहिल्या महायुद्धाच्या आधी वारला. ब्रॅकनशॉच्या हद्दीत जन्मलेल्या कुणाही व्यक्तीला देशातल्या कुठल्याही विद्यापीठात उच्च विद्या घेता यावी, तिचा सगळा खर्च भागावा, म्हणून त्यानं बराच पैसा ठेवला. वयाची अट नाही, बाई-पुरुष बघायचं नाही. त्या काळात हे लिहिणारा माणूस साधा नव्हता. अट एकच, जन्म गावच्या हद्दीतला हवा. आणि त्र्याहत्तर साली गावच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला. तेव्हापासून आमच्या गावातली झाडून सगळी माणसं सात मैल खालच्या शहरात, मोठ्या हॉस्पिटलात जन्मतात. आई-बाप, आजी-आजोबा, सात पिढ्या ब्रॅकनशॉच्या, पण जन्मदाखल्यावर दुसऱ्याच गावाचं नाव. त्र्याहत्तरच्या आधी जन्मलेल्यांना आता विद्यापीठापेक्षा गुडघ्याची शस्त्रक्रिया हवी असते. घरी बाळंत व्हायची टूम आमच्याकडे हल्ली आली, ती बाळं अजून शाळेत आहेत.

म्हणून निधीला अर्ज येत नव्हता. दर फेब्रुवारीत पाच विश्वस्त आमच्या कचेरीत जमायचे, मिस्टर होल्रॉइड अध्यक्ष. मी इतिवृत्त लिहायची. आलेले अर्ज: निरंक. शिल्लक व्याज: क्रिकेट क्लबच्या छपराच्या दुरुस्तीसाठी. त्यानंतर सगळे जेवायला जायचे, भाजलेलं बीफ आणि वर पुडिंग. क्रिकेट क्लबचे अध्यक्षही होल्रॉइडच. त्या छपराची दुरुस्ती इतकी वर्षं चालली आहे की आता मूळचं छप्पर असं काही उरलं नसेल. यात कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. अट बदलून घ्यायला एक अर्ज करावा लागला असता, तो कुणी केला नाही, एवढंच. मीही सुचवला नाही.

"पण माझाही दाखला खालच्या हॉस्पिटलचाच आहे," गेनर म्हणाली. "बाबा सांगायचे ते खरं असेल तर?"

तिचा बाप केन बस चालवायचा. चार ग्लास पोटात गेले की सांगायचा, माझी पोरगी स्वयंपाकघरात जन्मली, बर्फात, राणीसाहेबांच्या फोटोखाली. केन असलं पुष्कळ सांगायचा, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. आता तो जाऊन दहा वर्षं झाली होती.

"असेलही खरं," मी म्हणाले. "तुझ्या आईला विचार."

एवढंच म्हणाले. खरं तर मला कुणाला विचारायची गरज नव्हती. मी तिथे होते.

एकोणऐंशीचा जानेवारी. मी सतरा वर्षांची. दुपारी तीनच्या सुमाराला मधल्या भिंतीवर शेगडीच्या सळईचे ठोके ऐकू आले. माझे आई-बाबा कामावर अडकलेले, केनची बस डोंगरापलीकडे अडकलेली, फोनच्या तारा खाली. मी बर्फातून चार पावलं टाकून मागच्या दारानं गेले. जीन जमिनीवर होती. आठवडाभर तिनं, पोट नाकाला लागलेलं असताना, होल्रॉइडसाहेबांच्या आईच्या घरातल्या तीन खोल्यांच्या फरश्या गुडघ्यांवर बसून घासल्या होत्या, आणि स्वतःची फरशी तशीच राहिली होती. कोळशाची भुकटी, मोरीत भांडी, दोरीवर कपडे. आमच्या रस्त्यावर जीनच्या पायरीवर खुशाल जेवावं म्हणत. ती बाई कळा सोसताना मला म्हणत होती, वर्तमानपत्र अंथर, मॉरीन, आधी वर्तमानपत्र अंथर. मी अंथरलं. काय केलं, कसं केलं, ते देवाला ठाऊक. सहाच्या आत गेनर झाली आणि लगेच भोकाड पसरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सबाई शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून आल्या. त्यांनी दारातून खाली फरशीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाई गं, इथे?" एवढंच. मायलेकींना मग खाली हॉस्पिटलात नेलं. दोन आठवड्यांनी नोंदणी कचेरीत जीननं सरळ सांगितलं, जन्म हॉस्पिटलात. आणि घरी येऊन माझं मनगट धरलं. "तू काही बघितलं नाहीस." मी म्हणाले, नाही बघितलं. चाळीस वर्षं मी तो शब्द पाळला, आणि त्याचा मला अभिमानसुद्धा वाटायचा.

गेनरनं आईला विचारलं. जीन म्हणाली, तुझा बाप बाता मारायचा. तरी गेनरनं अर्ज केला. सोबत वडिलांनी त्यांच्या बहिणीला लिहिलेलं एक पत्र जोडलं, त्यात फक्त 'घरचीच पोर' असे शब्द होते. फेनविकबाईंनी पत्र दिलं की अठ्ठावीस फेब्रुवारीच्या दुपारपर्यंत पैशाची हमी मिळाली तर जागा हिची, नंतर ती रद्द होईल. गेनरला चाळीस पूर्ण झाली होती. कंपनी धरणावर यंत्र बसवणार होती, म्हणजे तिची नोकरीही फार तर वर्षाची. हे तिला आणि मला दोघींना माहीत होतं, म्हणून आम्ही बोललो नाही.

होल्रॉइडसाहेबांनी अर्ज वाचून भुवया वर केल्या. "अरे वा, एक अर्ज," ते मला म्हणाले. "दाखल्याच्या विरुद्ध जायचं म्हणजे कुणीतरी सांगायला हवं, मॉरीन. आईनं सांगितलं तरी चालेल. आपण काही राक्षस नाही." त्यांनी जीनला पत्र पाठवलं, बैठकीला यावं म्हणून.

मी त्याच संध्याकाळी जीनकडे गेले. ती चौऱ्याहत्तर वर्षांची बाई पायरी घासत होती.

"जीन, पोरीचं आयुष्य आहे गं."

"आयुष्य आहेच की तिचं. नोकरी आहे, घर आहे."

"तू फक्त एवढं सांग, की तेव्हा नोंदवताना चूक झाली."

"चूक नव्हती. मी खोटं बोलले. आता चाळीस वर्षांनी त्या होल्रॉइडपुढे जाऊन सांगू, की तुमच्या आईच्या फरश्या आरशासारख्या करून मी माझी लेक घाणीत जन्माला घातली? तो घरी जाऊन बायकोला सांगेल. रविवारपर्यंत चॅपलमध्ये सगळ्यांना कळेल."

"कुणाला काही वाटणार नाही, जीन. काळ बदलला."

"तुला वाटलं होतं," ती म्हणाली. "मी बघितलं होतं तुझं तोंड."

ती ब्रश बादलीत बुडवून पुन्हा घासायला लागली. जाताना पाठीमागून म्हणाली, "तू मला शब्द दिलायस, मॉरीन."

बैठक गुरुवारी अकराला होती. विश्वस्त पाच, पलीकडे गेनर तिच्या एकुलत्या एका जाकिटात, शेजारी जीन निळा कोट आणि हातमोजे घालून. मी टोकाला, इतिवृत्ताची वही घेऊन. गेनरनं आधी आपलं काम सांगितलं. छान सांगितलं. चार तासांचा मुद्दा आला तेव्हा विश्वस्तांतले चॅपलचे पाद्रीबाबा पुढे झुकले, कारण ऑर्गन त्यांचाच वाहिला होता.

"काम उत्तमच आहे," होल्रॉइड म्हणाले. "त्याबद्दल दुमत नाही. मिसेस मिजली, तुम्हाला त्रास दिला, माफ करा. एकच विचारायचं आहे. मुलीचा जन्म कुठे झाला?"

"हॉस्पिटलात," जीन म्हणाली. "दुसरीकडे कुठे होणार?"

"आई," गेनर हळू म्हणाली. "खरं सांग गं. कुणी तुला काही म्हणणार नाही."

"सांगितलं. दाखल्यावर आहे ते. तुमच्या आईसाहेबांना माझं घर माहीत होतं, मिस्टर होल्रॉइड. तिथे असलं काही होतं का ते त्यांनी सांगितलं असतं."

"अर्थातच, अर्थातच," होल्रॉइड म्हणाले. त्यांना आता हे आटोपायचं होतं, एक वाजता जेवण होतं. पण पाद्रीबाबांना राहवलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मॉरीन शेजारीच राहायची ना तेव्हा?"

"हो की," होल्रॉइड म्हणाले. "मॉरीन, तुला काही माहीत आहे का? तू आमच्याकडे इतकी वर्षं आहेस. तू सांगितलंस तर आम्ही दाखला बाजूला ठेवू. का हो?" बाकीच्यांनी माना हलवल्या. खरंच हलवल्या. ते देणार होते.

जीननं माझ्याकडे बघितलं नाही. ती आपल्या हातमोज्यांकडे बघत होती. गेनर माझ्याकडे बघत होती, पण फार आशेनं नाही. शेजारच्या घरातलं कुणाला काय माहीत असणार, अशा नजरेनं.

तेव्हा मनात काय होतं ते मी पुष्कळदा धुंडाळलं आहे. शब्द दिला होता हे एक कारण. पण ते पुरेसं नाही, कारण वकिलाच्या कचेरीत एकतीस वर्षं काढलेल्या बाईला कुठला शब्द मोडावा हे कळतं. खरं असं की जीनची लाज मला समोर दिसत होती. गेनरचं नुकसान पुढच्या तीन वर्षांत, वर माळावर कुठेतरी व्हायचं होतं, ते त्या खोलीत दिसत नव्हतं. भेकड माणूस जे दिसतं त्याला घाबरतं.

"नाही साहेब," मी म्हणाले. "मला काही माहीत नाही."

आणि मान खाली घालून ते वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, अठ्ठावीस तारखेला, गेनरनं माझ्याच टेबलावरून फेनविकबाईंना कळवलं. अर्ध्या तासात उत्तर आलं. फार वाईट वाटलं. वह्या जपून ठेवा. शोध मात्र सोडू नका, आमच्या संकेतस्थळावर निधीविषयक एक पान आहे, ते जरूर बघा. ते पान आम्ही तीन वर्षं दर शनिवारी बघत होतो. गेनर हसली आणि चहा मागितला. रविवारी जीननं मला ओटच्या गुळमट केकचा अख्खा साचा आणून दिला. सहसा ती दोन तुकडे द्यायची. मी तो खाल्ला, आठवडाभर, सगळा.

मग झोप उडाली. मार्च गेला, एप्रिल गेला. क्रिकेट क्लबच्या छपरावर माणसं चढलेली कचेरीच्या खिडकीतून दिसायची. मे महिन्यात एका सोमवारी मी निवेदन टाइप केलं, दीड पान. वर्तमानपत्र, सळई, नर्सबाई, सगळं. जीनला विचारलं नाही. होल्रॉइडसाहेबांच्या टेबलावर ते ठेवलं आणि समोर उभी राहिले.

त्यांनी दोनदा वाचलं. रागावले नाहीत. कपाटातून इतिवृत्ताची वही काढली, फेब्रुवारीचं पान उघडलं आणि वही माझ्याकडे फिरवली. 'शेजारी राहणाऱ्या साक्षीदाराने आपणास काही माहीत नसल्याचे सांगितले.' अक्षर माझं.

"आता या दोन मॉरीनपैकी मी विश्वस्तांपुढे कुठली उभी करू?" ते म्हणाले. "आणि आई तर नाहीच म्हणतेय. ही बाई शेजारणीच्या पोरीसाठी खोटं बोलते आहे, असंच ते म्हणतील. मीही म्हणेन. हे घरी घेऊन जा, मॉरीन. मी बघितलं नाही."

मी तो कागद घरी ठेवून दिला नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून वर धरणावर गेले. नऊ वाजत होते. गेनर पावसाचं भांडं उजेडाकडे धरून आकडा वाचत होती. खोलीच्या दाराशी कंपनीच्या नव्या यंत्राची खोकी येऊन पडली होती. मी तिला सगळं सांगितलं. जीन काय म्हणाली, मी काय केलं होतं, काय केलं नाही, आता काय करून बघितलं. निवेदन तिच्या हातात दिलं. तिनं ते उभ्याउभ्या वाचलं. वाचायला तिला कधीच वेळ लागत नाही.

"तू होतीस तिथे," ती म्हणाली.

"हो."

"मला हातात पहिल्यांदा तू घेतलंस."

"हो गं."

तिनं कागदाची घडी घालून मला परत दिली. मला वाटलं, आता ती शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या.

"हे मला आज का सांगितलंस, मावशी?"

"तुला खरं कळायला हवं म्हणून."

"खरं मला माहीत होतं. मी इथलीच आहे हे मला बाबांनी सांगितलेलं. आई खोटं बोलली तेही कळलं होतं, ती तशीच आहे, तिचं मी सोडून दिलं." तिनं वही उघडली आणि पेन्सिल घेतली, पण लिहिलं नाही. "तुला काही माहीत नाही, असं मी धरून चालले होते. त्या खोलीतलं एक माणूस तरी माझ्या बाजूचं होतं, फक्त त्याला माहीत नव्हतं, असं. तेवढं तरी राहू द्यायचं होतंस."